डोक्यावरची मोळी

मंगळवार, दिवेलागण

पोरगी सुप्याच्या कंपनीतून तणतणतच आली. सुपरवायझरनं कमरेला हात लावला, तर हिनं तो झटकला आन् सगळ्यांसमोर वरडली. मी म्हणाले, "काम जाईल की, बये." म्हणती, "जाऊ दे. आई, तू काय केलं असतं?"

मी भाकरी थापत राहिले. ऊसतोडीला मुकादम डोक्यावर मोळी चढवायचा. माझे दोन्ही हात वर मोळीला गेले, की त्याचे खाली फिरायचे. मोळी पडली तर शिव्या मलाच. तवा वरडायचं सुचलं न्हाई का? सुचायचं की. पन हात मोकळे नव्हते.

लई वाटतंय, एकदाच त्या फडात परत जावं. मोळी डोक्यावर घ्यावी, आन् त्याचा हात आला की त्याच्याच पायावर सोडून द्यावी.