बोंबलाच्या पोटातला बोंबील

बाबा,

आज सकाळी बेहालाच्या बाजारात बोंबील घेतले. इथे बंगालीत त्यांना लोटे म्हणतात, हे तुम्हाला मी काय सांगायचं! मासेवाल्याने एकाचं पोट चिरलं आणि आतून बोटाएवढा दुसरा बोंबील ओढून काढला. "देखिए दीदी, अपने ही बच्चे को खा गया," तो हसत म्हणाला. बाजूच्या बायकाही हसल्या. मी मात्र "नहीं, जाल में निगला होगा," असं इतक्या तावातावाने म्हटलं की त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. घरी येऊन पिशवी तशीच फ्रीजमध्ये टाकली आणि लिहायला बसले. का, ते मलाही नीट कळत नाहीये.

शाळेला सुट्टी लागली की तुम्ही मला तुमच्या मत्स्य संशोधनाच्या ऑफिसात न्यायचात. दीघ्याच्या किनाऱ्यावरून बर्फात घातलेले मासे आलेले असतात. तुम्ही एकेकाचं पोट उघडता, आतलं सगळं पांढऱ्या ताटलीत काढता आणि कोण कोणाचं अन्न आहे ते भिंतीवरच्या मोठ्या कागदावर बाणांनी दाखवता. जवळ्याकडून मांदेलीकडे, मांदेलीकडून बोंबलाकडे, बोंबलाकडून वामेकडे. एके दिवशी बोंबलाच्या पोटातून जवळ्याचा गुलाबी लगदा निघाला आणि त्याच्या मागोमाग एक छोटा बोंबील. मी पेन्सिल घेऊन बोंबलापासून निघून बोंबलाकडेच वळणारा बाण काढायला धावले, तर तुम्ही ओरडलात, "थांब! घाई नको. जाळं ओढलं की मासे एकमेकांवर चेंगरतात, तोंडासमोर येईल ते गिळतात. ते त्यांचं रोजचं खाणं नव्हे."

"पण याची कातडी विरघळलीये," मी म्हटलं.

तुम्ही भिंग घेऊन बराच वेळ बघत राहिलात. "हो. म्हणजे जाळ्यात येण्याआधीच खाल्ला असेल."

"मग खातो ना?"

"खात असेल," तुम्ही म्हणालात आणि तुटक रेघेचा बाण काढलात. मला राग आला होता. एवढा मोठा माणूस, आणि धड 'हो' म्हणत नाही की 'नाही' म्हणत नाही.

मग ती हॉस्पिटलमधली दुपार. आई खाली औषधं आणायला गेलेली, मी तुम्हाला मोसंबीचा रस पाजत होते. तुम्ही पेला बाजूला सारलात आणि अगदी स्पष्ट आवाजात म्हणालात, "तुझ्या शाळेपायी रत्नागिरीची बदली सोडली मी. इथे कुजलो." दुसऱ्या दिवशी मला केस विंचरून द्यायला सांगितलंत, लाडाने, जसं काही घडलंच नाही. त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. आईला विचारलं तर ती म्हणाली, "अगं, ताप चढला होता त्यांना, मनावर घेऊ नकोस." काही वर्षांनी तीच सहज बोलून गेली, "समुद्राकाठी जायचं होतं खरं त्यांना." पण बाबा, इलिश माशाच्या भावावरून इथल्या मासेवाल्यांशी बंगालीत भांडताना तुमचा चेहरा कसा फुलायचा, तो मी पाहिलाय. तो कुजलेल्या माणसाचा चेहरा होता का? की ते वाक्य तापातलं, वेदनेतलं, समोर मी होते म्हणून माझ्यावर आलेलं? दोन्ही खरं असू शकतं का? मी चाळिशी ओलांडली तरी मला ठरवता येत नाही. कधी वाटतं तुमच्यावर रागवावं, कधी वाटतं माफी मागावी, आणि ती कशाची मागायची तेही कळत नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून एक सांगून टाकते. मागच्या महिन्यात माझ्या न्यू टाउनच्या ऑफिसात साहेबांनी मला विचारलं, "पुण्याला जागा आहे, जाता का?" मी नाही म्हटलं. सगळ्यांना सांगितलं, मुलीच्या शाळेमुळे. मुलीला मी विचारलंसुद्धा नाही.