मन्मथआप्पांच्या वडिलांना आम्ही चुना कसा दिला

चाकूर,
रविवार, दुपार

प्रिय सिंधुआत्या,

तुला आणि हणमंतराव मामांना प्रभूच्या नावानं सलाम.

आत्या, "दादा, आपल्या लोकांच्या कबरीवर नंदी असतो का?" असं शिल्पानं मला विचारलं, आणि त्या क्षणाला तुझ्या भाच्याचं आयुष्य पार बदललं. (थांब, आधी तब्येत विचारायची असते. तुझे गुडघे कसे आहेत? मामांची हळद वाळली का? इकडे आई बरी आहे. बाबा तुझं नाव अजून काढत नाहीत. पण कपाटात तुझ्या लग्नाचा फोटो इतकी वर्षं पालथा होता, तो परवा सुलटा दिसला. कुणी केला ते कुणीच कबूल करत न्हाई. तुझा फोन नंबरही घरात कुणाकडं नाही म्हणतात, पत्ता मात्र आईला तोंडपाठ आहे, म्हणून पत्र.)

तर शिल्पा. ती आठवीतली पोरगी, आपल्या चर्चच्या तरुण मेळाव्याला नांदेडहून आलेली. यंदा मेळावा आपल्याकडं होता. नांदेड-लातूरची सगळी पोरं आवारातल्या मांडवात. सकाळी गाणी, दुपारी सेवा-प्रकल्प, संध्याकाळी ज्यानं त्यानं उभं राहून, देवानं दिवसभरात आपल्याकडून काय करून घेतलं त्याची साक्ष द्यायची. मी तिथं कसा, तर मी बी.कॉम. अर्ध्यात सोडलं हे तुझ्या कानावर आलंच असेल. (हजेरीवरून सरांशी बोलाचाली झाली, मी त्यांचंच हजेरीपत्रक त्यांच्याच टेबलावर आपटलं आणि निघून आलो. वाटलं, मागून बोलवायला कुणीतरी येईल. अजून कुणी आलं न्हाई.) चर्चचे पाळकसाहेब बाबांना म्हणाले, पोरगं रिकामं आहे, द्या आमच्याकडं. एक टोळी दवाखान्यात केळी वाटायला गेली, एक एसटी स्टँडवरची पाण्याची टाकी धुवायला. मला कबरस्तान साफ करणारी टोळी दिली. तिथं भांडायला कुणी न्हाई, असं पाळकसाहेब सगळ्यांच्या देखत म्हणाले.

आता इथं मधेच एक सांगावं लागतं, ते कुणाला सांगितलेलं न्हाई. शिवकांता. खताचं दुकान आहे ना मन्मथआप्पांचं, लिंगायत आहेत, त्यांची पोरगी. माझ्याच वर्गात होती. (तिनं कॉलेज सोडलं नाही. तिला अक्कल आहे.) दोन वर्षं झाली, आत्या. माझं डोकं तापलं की तिनं नुसतं "बस कर" म्हणायचं आणि मी बसायचो. कबरस्तानाच्या फाटकात पोरं कुदळी-खुरपी घेऊन उभी, आणि तिचा मेसेज आला: पाहुणे बघून गेले, पसंत आहे म्हणतात, काहीतरी कर.

तुला आठवत असेल, आपलं कबरस्तान आणि लिंगायतांची दफनभूमी एकाला एक लागून. आपणही पुरतो, तेही पुरतात. मधला बांध कधीच वेड्या बाभळीत गेला. पोरं विचारून राहिली, दादा, कुठून सुरू करायचं? मी फोनमधून डोळे न काढता हात केला. हात डावीकडं गेला. कबरस्तान उजवीकडं होतं.

घरी जेवलेलं ताट न उचलणारी ही पोरं, आत्या, पण सेवा म्हटल्यावर त्यांच्या अंगात काय शिरलं देव जाणे! मी "काय करू?" एवढं टाइप करून खोडेपर्यंत बाभळी तोडल्या, दगड घासले, चुन्यात नीळ कालवून कुंचे फिरवलेसुद्धा. मी तोंडाचा आ करून बघतच राहिलो, आणि तेवढ्यात शिल्पाचा तो प्रश्न. बघतो तर समोर नंदी! असा स्वच्छ धुतलेला, की आता उठून चालायला लागेल. त्याच्या पलीकडं जोएल नावाचा पोरगा एका समाधीवर क्रूस काढत होता. उभी रेघ झाली होती, आडवी निघायची होती. आजकालचे दिवस कसे आहेत ते तुला सांगायला नको. मी असा ओरडलो की झाडावरचे कावळे उडाले. कुंचा हिसकला, त्या रेघेवर चुना फिरवला, आणि मागं मोटारसायकल थांबली. मन्मथआप्पा!

आत्या, मी हात जोडायच्या तयारीत, पोरं पळायच्या तयारीत. आप्पा मात्र ज्या समाधीवर मी चुना फिरवला तिच्याजवळ गेले, टोपी काढली आणि लहान लेकरासारखे रडायला लागले. ती त्यांच्या वडिलांची समाधी. भावाभावांत वाटणीचं भांडण. तू दे, मी का देऊ, ह्यात बापाच्या समाधीला चुनाच लागला नव्हता. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कुणाचा रं तू? दयानंद मास्तरचा? आम्हा पोटच्यांला जमलं न्हाई ते तू केलास, लेकरा."

चुकून केलं, असं सांगायचं होतं. त्याऐवजी कुंचा पाठीमागं लपवला. शिव्या दिल्या असत्या तर मी बरोबर बोललो असतो, मला त्याची सवय आहे. पण असं कुणी कौतुक केलं की काय करतात?

तसंच मला गाडीवर बसवून घरी नेलं. (त्या घरात पाऊल टाकायची मी दोन वर्षं स्वप्नं बघत होतो. गेलो तेव्हा नखशिखांत चुन्यात.) पाणी घेऊन शिवकांताच आली. वाकून तांब्या ठेवता ठेवता दातओठ खात पुटपुटली, "काहीतरी कर म्हणलं होतं मी. हे केलास?" आणि तिच्यासमोरच आप्पा म्हणाले, पोरीचं लग्न काढलंय शिवकांताचं, उदगीरचं स्थळ आहे, घराला रंग तुझ्याच पोरांनी द्यायचा. चालत्या एसटीच्या कंडक्टरशी भांडून गाडी थांबवणारा मी, आत्या, म्हणालो, "हाव, आप्पा."

संध्याकाळी शिल्पानं साक्ष दिली: आम्ही आपलं सोडून आधी शेजाऱ्याच्या माणसांची सेवा केली. मांडवात टाळ्या! पाळकसाहेबांचे डोळे पाणावले, म्हणाले, मेळाव्याचा शेवटचा प्रकल्प आप्पांचं घर. घरी बाबा वेगळेच तापले. तुझे वडील, माझे आजोबा, आपल्या कबरस्तानात अजून काट्यातच आहेत ना!

असो. मामांना सलाम, जनावरांना एकेक थाप.

तुझा,
प्रीतम

ता.क. आत्या, तू घर सोडून मामांशी लग्न केलंस, तेव्हा आजोबांसमोर पहिलं वाक्य काय बोललीस? मला कुणी सांगत न्हाई. आणि मामांना फेटा बांधून इकडं पाठव, माझ्या बाजूनं बोलायला एक तरी मोठं माणूस पाहिजे.

ता.क. २. मामांना पाठवू नको, तेवढा वेळ नाही. पोरं रंगाच्या बादल्या घेऊन दारात उभी आहेत. त्यांना म्हणालो, खाली ठेवा, आधी मी एकटाच आप्पांकडं जातो, रंग द्यायला न्हाई. बाबांनी विचारलं, मग कशाला? मी सांगितलं. (बाबांना, आत्या! तोंडावर!) त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाले, शर्ट बदल.

ता.क. ३. आप्पांनी हो म्हटलं तर पेढे घेऊन येईन, हाकललं तर तसाच येईन. तुझ्याकडं भोकरला एक अंथरूण घालून ठेव, पत्र खरं त्याच्यासाठीच लिहायला घेतलं होतं. पत्राआधी मीच पोचलो तर वाचल्यासारखं कर. पाकीट शिल्पाकडं देतोय, ती पेटीत टाकेल. शर्ट बदलला. चपला घातल्या. निघालो, दार ओढून घेतो.