दुधाच्या गाडीचे टायर

आबा, ओळखलंत का मला? नसेलच. इथे असतानाही चष्मा कपाळावर सरकवून घरभर तोच हुडकायचात आणि वर मलाच विचारायचात, "बेटा, मना चष्मा कोठे शे?" मी तुमची थोरली सून. मी सांगतेय, माझी नात लिहितेय. मला अजूनही अक्षर येत नाही, तेव्हा काही चुकलं तर ते तिचं.

तुमचा थोरला मुलगा वारला, तेव्हा त्याची फटफटी वर्षभर गोठ्यात उभी राहिली. कोंबड्या तिच्यावर झोपायच्या. मग तुम्हीच मला खळ्यात ती चालवायला शिकवलीत, धोतर सावरत मागे धावत. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन बांधून मी धुळ्याला रतीब घालू लागले. माझी दोन्ही पोरं त्यावरच शाळा शिकत होती. आणि एका सकाळी नाल्याच्या उतारावर गाडी घसरली. टायर पार गुळगुळीत झाले होते. मला नुसतं खरचटलं, दूध मात्र सगळं नाल्यात. भाऊजी ओट्यावरून म्हणाले, "विकी टाका ती गाडी. बाईमानूसनं काम नही ते." तुम्ही मात्र दुसऱ्या दिवशी मला घेऊन धुळ्यात टायरच्या दुकानात गेलात.

दुकानदार तुमच्यापुढे दोन तऱ्हेचे टायर मांडतो. एक बारीक खाचांचा, डांबरी रस्त्याचा. दुसरा जाड गुट्ट्यांचा, ट्रॅक्टरच्या चाकासारखा.

"कोणते बसवू, आबा?"

"माले काय इचारस? गाडी तिनी शे, तिलेच इचार."

तो हसतो. तुम्ही हसत नाही. मी पदर सारखा करते, दोन्हींवरून हात फिरवते आणि जाड गुट्ट्यांच्या टायरवर थाप मारते.

डांबरीवर ते गिरणीसारखे घरघरायचे. पाऊस पडला आणि आपल्या रानातली काळी माती गुट्ट्यांत अशी गच्च बसली की पुढचं चाक मडगार्डखाली अडकून फिरेना. भाऊजींना तर सणच. तुम्ही पाना आणलात आणि मडगार्डच खोलून टाकलंत. "जाय बेटा, दूधले उशीर व्हई राहिना." तो सगळा पावसाळा मी धुळ्यात पोचायचे ती तोंडापासून पदरापर्यंत चिखलानं माखून. गिऱ्हाइकं आधी कॅनचं झाकण तपासायची. संध्याकाळी मला बघून तुम्ही डोळे पुसत हसायचात. पण गाडी विकायचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. पुढे तर भाऊजींच्या म्हशीचं दूधही माझ्याच गाडीवरून जाऊ लागलं.

एक सांगायचं राहिलं. त्या दुकानात मला टायरमधलं काहीएक कळत नव्हतं. माहेरी नाही, सासरी नाही, माझी साडीसुद्धा कधी कोणी मला विचारून घेतली नव्हती. तुम्ही विचारलंत, मग कळत नाही असं कसं म्हणणार? जाड दिसला, त्यावर हात मारला. माझं चुकतंय हे तुम्हाला दिसत होतं, आबा. तरी तुम्ही दुकानदाराला म्हणालात, "तिनी सांगं ना? मंग बसाड."

तुमच्याकडे हे पत्र धाडायला पेटी कुठली? माझ्या कागदांच्या डब्यात राहील. पोरी, ठेव आता पेन. आणि आखाजीच्या सणाला आबांच्या नावानं घास टाकशील, तेव्हा नुसत्या पुरणपोळीवर भागवू नकोस. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा पाठव, वर तेल सैल हातानं घाल.