काढलेली साय

४ मार्च
नात जिन्यात चक्कर येऊन पडली! सतरा वर्षांची पोर. सूनबाई म्हणाली, "उन्हातून आली असेल." मी तिला पाणी पाजलं.

६ मार्च
डॉक्टरीणबाईंकडे गेलो. "बाबा, बायकांचं आहे, तुम्ही बाहेर बसा," सूनबाई म्हणाली. दार अर्धवटच लागलं होतं — ऐकू आलं. पोरीची पाळी पाच महिने बंद आहे. हे असलं कधी लिहिलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई सांगत होत्या, "पोटभर खाणं नाही, अंगात चरबी नाही, मग हार्मोन बनणार कशातून? शरीर आधी जीव सांभाळतं, बाकीचं बंद करतं. असंच चाललं तर हाडं ठिसूळ होतील. घरात दूध कसलं येतं?"

"चांगलं घट्ट, म्हशीचं!" — सूनबाई, अगदी ठसक्यात.

मी बाकावर बसून चपलांकडे बघत राहिलो.

७ मार्च
घरात कुणाला ठाऊक नाही. दोन वर्षांपूर्वी माझी हृदयाची नळी तुंबली, तेव्हापासून मी सगळ्यांच्या आधी उठतो. दूध तापवतो, गार झालं की सगळी साय काढतो, मागच्या दारी मांजरीला घालतो. सूनबाईला वाटतं, सासरा कामाला हातभार लावतो! मला वाटायचं, मी सगळ्यांची हृदयं वाचवतोय.

तीस वर्षं डेअरीत दुधाचं फॅट मोजलं. कस काढलेलं दूध आणणाऱ्याला दारातून परत पाठवायचो. आता घरातला चोर मीच. चार बुकं शिकलेल्याने डॉक्टरकी करू नये. नातीच्या वाटचं खाऊन मांजर मात्र टुणटुणीत!

८ मार्च
आज साय काढली नाही. हात शिवशिवत होते.

९ मार्च
सूनबाईला सांगायला स्वयंपाकघरात तीनदा गेलो. तिन्ही वेळा पाणी पिऊन परत आलो. "बाबा, पोट बिघडलंय का?" म्हणाली. हो म्हटलं! भित्रा कुठला.

११ मार्च
शेवटी नातीलाच सांगितलं — साय, मांजर, सगळं. रडूच आलं मला. तिने माझा हात धरला. "आजोबा, ते दूध मी प्यायलेच नाही. आठ महिने बेसिनमध्ये ओततेय. डबाही मैत्रिणींना देते. आत्या आली होती ना, तेव्हा तुम्ही म्हणालात — हिच्यासाठी आता दार रुंद करावं लागणार! सगळे हसले होते."

मला आठवतसुद्धा नाही.