मांजराचं पथ्य

आई, माझ्या काविळीत तू मला बिनहळदीचा मऊ भात भरवायचीस आणि स्वतःही तोच खायचीस. पोराला अळणी आणि आपण झणझणीत, हे तुला जमेना. पुढे मी जनावरांचा का होईना, डॉक्टर झालो आणि पाहुण्यांसमोर तुला हसलो. तुझ्या पथ्याने काही झालं नाही, माझा मीच बरा झालो, म्हणालो. "असेल बाबा," म्हणून तू ताटं वाढायला घेतलीस. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण ते आत्ता टोचतंय.

मध्यंतरी नगरच्या माझ्या दवाखान्यात जामखेडकडची एक बाई मांजर घेऊन आली. हिरड्या पिवळ्याधमक. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, सुईने पित्त काढून पाहिलं. यकृतातल्या पित्ताच्या नळ्यांना जंतूंमुळे सूज आली होती. निदान बरोबर, औषधही बरोबर. ते लिहून देता देता सवयीने म्हणालो, "खायला हलकंच द्या." तुझंच वाक्य. मांजराला पथ्य नसतं, आई. त्याला मासे-मटणच लागतं, आणि ते उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठून त्यानेच मरतं. हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल.

बाई परत आली तेव्हा मांजर फडक्यासारखं लोंबत होतं. काय घालताय, विचारलं. "ताकभात. शिवत बी न्हाई." मी चिडलो. मांजर म्हणजे माणूस वाटलं काय तुम्हाला, असं बरंच काही बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली, "तुमीच म्हनला हुता, हलकं द्या. सुकट लई आवडती तिला. वास नगं यायला म्हनून घरात आमी बी खाल्ली न्हाई."

मला तुझं ते अळणी ताट दिसलं. लाज वाटली. मांजराच्या मानेतून पोटात अन्न जाईल अशी नळी बसवली. आता ते आपलं आपण सुकट खातंय. "तुमी हुता म्हनून वाचली," बाई फोनवर म्हणते, आणि मी ऐकून घेतो.

उद्या नळी काढायची आहे. चूक माझी होती हे तिला उद्या सांगेन, असं तुला लिहायला बसलो होतो. पण मी मला ओळखतो. नळी काढीन आणि म्हणेन, "बाई, यापुढे असलं पथ्य करत जाऊ नका."