तुझं नाव दोन ठिकाणी

करमाड,
संक्रांत, १९७२

प्रिय चिरंजीव मुंजाबा,

डिसेंबरातल्या त्या सोमवारी सकाळी मी मारुतीला पाणी घालून आलो आणि तुझ्या फोटोला झेंडूचा हार घातला. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये. आदल्या दिवशी औरंगाबादच्या वर्तमानपत्रात, लढाईत कामी आलेल्यांच्या यादीत, तुझं नाव आलं होतं. सरकारी तार आली नव्हती. पण आप्पासाहेब गुरुजी म्हणाले, "छापून आलंय म्हणजे खरंच असणार." गावानं मानलं, मीही मानलं. तुझ्या आशाच्या बांगड्या फुटल्या. तेरावाही झाला.

मग नऊ दिवसांमागं फकिरा शिंप्याच्या दुकानात रेडिओवर पाकिस्तानचं स्टेशन लागलं. ते कैद्यांची नावं सांगत होते. फकिराला त्यातलं निम्मंच कळत होतं. मी मात्र निजामाच्या शाळेत छड्या खाऊन उर्दू शिकलेलो. "मुंजाबा वल्द काकासाहेब, गांव करमाड, जिला औरंगाबाद." फकिराचं मशीन थांबलं.

गुरुजी चिडले. "काकासाहेब, दुश्मनाच्या रेडिओवर भरवसा ठेवता व्हय? तुमच्यासारख्यांना नादी लावायलाच नावं घेतात ते." त्यांना खोटं कसं म्हणू? पोलीस अ‍ॅक्शनच्या वेळी हैदराबादचा रेडिओ निजामाची फौज जिंकतेय म्हणत होता, आणि आम्ही जालना रोडच्या कडेला उभे राहून हिंदुस्थानचे रणगाडे पुढं जाताना पाहत होतो. तुझी आई म्हणते, "जित्ता असंल तर पोराला थंडी लई वाजत असंल," आणि लगेच फोटोकडं बघून पदर तोंडात कोंबते.

शेवटी वर्तमानपत्राच्या कचेरीत गेलो. तिथला माणूस भला होता, चहा पाजला. म्हणाला, "बाबा, वरून आलं तसं छापलं. आम्ही कुठं सरहद्दीवर गेलो होतो?" चुकीचं निघालं तर, असं मी विचारलं. "तर दुरुस्ती छापू. आतल्या पानावर." मुंजाबा, तुझा तेरावा झालाय. त्याची दुरुस्ती मी कुठं छापू?

छापलेलं मानून एकदा चुकलो असेन. ऐकलेलं मानून पुन्हा चुकेन, ही भीती छातीवर बसली आहे. म्हणून हे पत्र रेडक्रॉसमार्फत पाठवतोय. तुझ्या हातची दोन अक्षरं आली तरच मी खरं मानीन. पण आज सकाळी बायका सुगडं घेऊन दारावरून जात होत्या आणि आशा भिंतीकडं तोंड करून बसली होती. मारुतीपुढं उभा राहिलो, कौल मागायची छाती झाली नाही. घरी येऊन फोटोचा हार काढला, आणि सासरा असून सुनेला कासाराच्या दारात घेऊन गेलो. आवडाबाई कासारीण हळूच म्हणाली, "दादा, पुन्हा फोडायची पाळी आली तर?" आशानंच हात पुढं केला. आता तिच्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या आहेत.

तुझाच,
आबा