पहिल्या हरणाचं शूटिंग

बिलिंग्स, मॉन्टाना

प्रिय बाबा,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुमचा गुडघा काय म्हणतो?

"म्हाताऱ्या वाटाड्याने हरणाचं अंतर चुकीचं सांगितलं, म्हणून माझा नेम चुकला," असं आपल्या शिकारीच्या टीव्ही कार्यक्रमात सांगून ज्याने तुमचं नाव मातीत घातलं, त्या ब्रॉकचा कॅमेरा मी तीन वर्षं मुकाट सांभाळला. परवा त्याने एल्क हरीण जखमी केलं आणि रक्ताचा माग न काढता त्याला तसंच सोडून दुसरं पाडलं.

"पहिल्याचं शूटिंग काढून टाक," म्हणाला.

"हो साहेब," म्हटलं.

काल शिकारी मंडळाच्या जेवणात त्याचा सत्कार होता. पडद्यावर मी त्या पहिल्या, जखमी हरणाचंच शूटिंग दाखवलं. कोणी टाळी वाजवली नाही. तुमचे दोस्त हँककाका तेवढे बोलले, "आज अंतर कोणी चुकवलं रे?"

नोकरी गेलीच. गुरुवारी येतेय, स्टू करून ठेवा.

तुमचीच,
डार्सी